एका टोकाला एक न्याय, दुसऱ्या टोकाला दुसरा: गेलिक फुटबॉलची शिट्टी कशी सांभाळावी

डब्लिन किंवा कॉर्कमधल्या मराठी घरातलं पोर जीएएच्या (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे गेलिक खेळांची आयरिश संघटना) क्लबात जायला लागलं, की एखाद्या शनिवारी आईबाबांच्या हातात अंपायरचा, म्हणजे गोलपोस्टपाशी उभं राहून गोल-गुण दाखवणाऱ्याचा, झेंडा येतोच. झेंड्यावरून काहीजण पुढे शिट्टीपर्यंत जातात. ही टिपणं त्यांच्यासाठी आहेत. बाजूला उभं राहून रेफरीवर ओरडायचंच असेल, तर निदान योग्य मुद्द्यावर ओरडावं, असं वाटणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील.

गेलिक फुटबॉल हा हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा, पंधरा-पंधरा जणांचा आयरिश खेळ. या खेळात रेफरीला सगळ्यात जास्त शिव्या कडकपणासाठी पडत नाहीत. पहिल्या अर्धात जे चालवून घेतलं त्यालाच दुसऱ्या अर्धात शिट्टी वाजली, किंवा एका गोलपोस्टपुढे फाउल ठरलं ते दुसऱ्या गोलपोस्टपुढे ठरलं नाही, की मैदान पेटतं. खेळाडू ते लगेच हेरतात. जर्सी ओढून काही होत नाही हे दहा मिनिटांत कळलं, की पंधराच्या पंधरा जण ओढायला लागतात.

चेंडू टाकण्यापूर्वी

खिशात दोन शिट्ट्या, पिवळं, काळं आणि लाल कार्ड, वही, दोन पेन, नाणेफेकीसाठी नाणं आणि हातावर दोन घड्याळं असू द्या. एक घड्याळ एकूण वेळेचं, दुसरं थांबलेल्या वेळेचं. पावसात बॉलपेन लिहीत नाही, म्हणून एक पेन्सिलही ठेवा. माउथगार्ड सगळ्यांना सक्तीचा आहे. तो खेळ सुरू होण्याआधी तपासा, म्हणजे पाचव्या मिनिटाला त्यावरून वाद होणार नाही.

अंपायर चार, प्रत्येक गोलला दोन. क्लबच्या सामन्यात ते बहुधा रेफरीच सोबत आणतो. लाइनमन मात्र खालच्या पातळीवर दोन्ही क्लबांनी दिलेले असतात, म्हणजे आपल्याच पोरांचे काका. त्यांच्याकडून फक्त साइडलाइन घ्या, फाउल नको. अंपायरांना उलट स्पष्ट सांगून ठेवा, की चेंडू लांब असताना गोलसमोर कोणी कोणाला मारलं तर मला बोलवायचं. मैदानाची लांबी १३० ते १४५ मीटर असते. एका माणसाला दोन्ही टोकं दिसणं अशक्य आहे.

दोन्ही कर्णधारांना एकत्र बोलवा आणि अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी सांगा: निर्णयाबद्दल विचारायचं ते फक्त कर्णधाराने, फ्री (फाउलनंतरची फ्री किक) मिळाली की चेंडू लगेच परत द्यायचा, आणि चेंडूपासून दूरची ओढाताण पहिल्या मिनिटापासून फाउल. लांब भाषण दिलंत तर ते पुढे तुमच्याच अंगाशी येईल, कारण त्यातला एखादा शब्द पाळायचा राहतोच.

चार पावलं की धरपकड?

निम्मी भांडणं इथे होतात. चेंडू हातात घेऊन चार पावलं, किंवा चार पावलांना लागेल तेवढा वेळ, एवढीच मुभा. मग चेंडूचा जमिनीवर टप्पा घ्यायचा किंवा पायावर उडवून सोलो घ्यायचा. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. बचाव करणाऱ्याला चेंडूवर उघड्या तळव्याने हात मारता येतो. शरीराचा धक्का एकच मान्य: खांद्याला खांदा, बाजूने, निदान एक पाय जमिनीवर ठेवून.

आता चेंडू घेतलेला खेळाडू तीन बचावपटूंच्या घोळक्यात शिरतो. हात पसरतात, तो अडकतो, वळतो, पडतो. फ्री कोणाला? इथे बहुतेक रेफरी तो पडेपर्यंत थांबतात आणि मग अंदाज बांधतात. म्हणूनच एकसारखे दिसणारे दोन प्रसंग वेगवेगळे ठरतात. त्याऐवजी क्रम पक्का करा.

चेंडू हातात आल्याबरोबर मनात पावलं मोजायला लागा. तिसऱ्याला नजर पायांवरून हातांवर न्या. चौथ्याच्या आत कोणाचा हात त्याच्या दंडावर, कमरेवर किंवा जर्सीवर पडला, तर फाउल तिथेच झालं. पुढची पावलं मोजायचीच नाहीत, फ्री त्याला. हात फक्त चेंडूवर असतील आणि तो पाचव्या पावलालाही चेंडू सोडत नसेल, तर फ्री बचावाला. त्याने खांदा किंवा कोपर पुढे काढून समोरच्याच्या छातीवर धडक दिली असेल, तर पावलं आणि हात दोन्ही गौण. धडक त्याची, फ्री बचावाला.

उभं राहण्याची जागाही महत्त्वाची. पाठीमागून फक्त पाठ दिसते आणि सगळं फाउल वाटतं. घोळक्याच्या बाजूला, दहा-पंधरा मीटरवर राहिलं की चेंडू आणि हात यांच्यामधली फट दिसते. दम लागल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत रेफरी मागे पडतो आणि निर्णयही तिथूनच बिघडायला लागतात. ही नियमांची नव्हे, फिटनेसची भानगड आहे.

काळं कार्ड

२०१४ साली काळं कार्ड आलं तेव्हा दोषी खेळाडू बाहेर जायचा आणि बदली आत यायचा. त्याची मर्यादा २०१७ च्या ऑल-आयर्लंड फायनलमध्ये, म्हणजे काउंटी संघांच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, सगळ्यांनी पाहिली. डब्लिन एका गुणाने पुढे असताना शेवटच्या क्षणी त्यांच्या फॉरवर्डांनी मेयोच्या खेळाडूंना धरून पाडलं, म्हणजे मेयोच्या गोलकीपरला किकआउट (गोलपुढून चेंडू पुन्हा खेळात आणणारी किक) मारायला माणूसच मोकळा सापडू नये. कार्ड निघालं, पण त्या मिनिटाला त्याची किंमत शून्य होती. साधुत्वाचा आव कोणीच आणू नये: त्याच शेवटच्या मिनिटांत मेयोच्या बचावपटूने फ्री घेणाऱ्या डब्लिनच्या खेळाडूवर आपलं जीपीएसचं यंत्र फेकलं होतं. २०२० पासून काळ्या कार्डाला दहा मिनिटं बाहेर बसावं लागतं आणि संघ चौदा जणांवर येतो.

ओळखायचे मुख्य प्रकार तीन: मुद्दाम ओढून पाडणं, मुद्दाम पाय किंवा हात घालून पाडणं, आणि चेंडू देऊन पुढे पळणाऱ्याला मुद्दाम अंग घालून अडवणं. तिसरा सगळ्यात जास्त सुटतो, कारण आपली नजर चेंडूबरोबर जाते. सवय लावून घ्या: हँडपास (हाताने मारून दिलेला पास) झाला की एक क्षण पास देणाऱ्यावर नजर ठेवायची, मग चेंडूवर.

‘मुद्दाम’ कसं ठरवायचं? समोरचा निसटून पुढे गेलेला आहे, चेंडू आवाक्यात नाही आणि दोन्ही हात शरीराभोवती आहेत: काळं. एक हात खरोखर चेंडूकडे गेला आणि घसरून जर्सीत अडकला: फ्री, फार तर पिवळं. सामना दोन मिनिटांवर आला म्हणून ही रेघ हलवू नका. पिवळ्यानंतर काळं किंवा काळ्यानंतर पिवळं म्हणजे लाल, म्हणून कार्ड उंचावण्याआधी वही पाहा. दहा मिनिटं कधी सुरू झाली ते लिहून ठेवा. मध्यांतर आलं तर उरलेली मिनिटं दुसऱ्या अर्धात भरायची. मुली आणि महिलांच्या सामन्यात नियम वेगळे आहेत, तिथे पिवळ्यालाच दहा मिनिटं बाहेर.

न लागताच लोळण घेणाऱ्यालाही कार्ड आहे. पण तुम्हाला स्वतःला दिसलं असेल तरच द्या. प्रेक्षकांच्या हशावरून देऊ नका.

उलट बोलणं आणि ५० मीटर

खेळाचे नियम सुधारण्यासाठी नेमलेल्या जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेले नियम २०२५ मध्ये प्रयोग म्हणून आले आणि त्याच ऑक्टोबरात कायम झाले. गैरवर्तनावर त्यातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे ५० मीटर. हुज्जत घातली, चेंडू परत दिला नाही, लाथेने उडवला किंवा फ्री लगेच घेणाऱ्याला अडवलं, की फ्री ५० मीटर पुढे जाते, फार तर गोलपासून १३ मीटरवरच्या रेषेपर्यंत. कार्डाची भीती एकट्या खेळाडूला असते, ५० मीटरचा फटका संघाला बसतो. त्यामुळे त्याला गप्प करायला त्याचेच सोबती धावतात.

गल्लत होते ती इथे: पहिली हुज्जत सोडून देतात आणि तिसरीला ५० मीटर देतात. मग तो तिसरा विचारणारच, ‘मीच का?’ पहिल्याच वेळी द्या, मग तो सामन्याचा दुसरा मिनिट का असेना. हात वर करून वैतागणं आणि तोंडावर येऊन बोलणं यांत मात्र फरक करा. वैताग सोडून द्या.

वर्णद्वेषी शब्द हा लाल कार्डाचा गुन्हा आहे. तो ५० मीटरवर मिटवायचा नाही.

गोल झाला की नाही

११ जुलै २०१० च्या लेन्स्टर प्रांताच्या फायनलमध्ये मीथ काउंटीच्या खेळाडूने शेवटच्या क्षणी नियमाविरुद्ध चेंडू हातात धरून रेषेपलीकडे नेला. गोल दिला गेला आणि लाउथ हरलं. चूक झाल्याचं नंतर मान्य झालं, पण फेरसामना झाला नाही. १९५७ नंतरचं लेन्स्टरचं विजेतेपद लाउथला थेट २०२५ मध्ये मिळालं, तेही मीथलाच हरवून.

गोलसमोर गर्दीत काही संशय आला, तर गोलचा हिरवा झेंडा उचलला जाण्याआधी अंपायरांकडे जा. दोघांनाही, वेगवेगळं विचारा. ‘गोल आहे ना?’ असं विचारलं तर मान हलणारच. विचारायचं ते असं: ‘चेंडू कशाने आत गेला? हात कुठे होता?’

अहवाल

मैदानावर दिलेली शिक्षा पुढे टिकते ती कागदावर. अहवाल त्याच रात्री लिहा. खेळाडूचं नाव, नंबर, मिनिट आणि गुन्हा नियमपुस्तकातल्याच शब्दांत. ‘गैरवर्तन केलं’ असं लिहिलंत तर पुढच्या सुनावणीत शिक्षा बारगळते; ‘मुठीने ठोसा मारला’ असं लिहा. शिवी असेल तर ती शब्दशः. जे दिसलं नाही, अंपायरने सांगितलं, ते त्याच्या नावावर टाका.

अहवालातली माहिती खरी धरली जाते. ती खोडायला काटछाट न केलेलं चित्रीकरण किंवा तितकाच भक्कम पुरावा लागतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी आठ सेकंदांची क्लिप त्यात बसत नाही.