स्मृतीआधी रक्तप्रवाह: खानदेशातून उतारवयातल्या मेंदूच्या आणि स्मृतीच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मानसशास्त्र किंवा भौतिकशास्त्र करून या विषयात आलात की पहिली ओढ कनेक्टिव्हिटीच्या रंगीत नकाशांची असते. मेंदूचे कोणते भाग एका तालात चालतात, ते त्यांत दिसतं. पण हे नकाशे ज्या तपासणीतून बनतात ती फंक्शनल एमआरआय पेशींचं काम थेट पाहत नाही. पेशी कामाला लागल्यावर तिथे जे जादा रक्त धावतं, त्याचा परिणाम पाहते. उतारवयात रक्तवाहिन्या ताठरतात, रक्त उशिरा आणि कमी धावतं. पेशी शाबूत असूनही जोडणी तुटल्यासारखी दिसते. म्हणून आधी रक्तप्रवाह मोजा.

सुई न टोचता, एमआरआयवरच तो मोजायची पद्धत म्हणजे एएसएल (आर्टेरियल स्पिन लेबलिंग). मानेतल्या रक्तावर चुंबकीय खूण करायची, ते मेंदूत पोचेपर्यंत थांबायचं, चित्र घ्यायचं आणि बिनखुणेच्या चित्रातून वजा करायचं. उरणारा फरक जेमतेम 1 टक्का, म्हणून अशा 30-40 जोड्यांची सरासरी काढतात. खरी मेख थांबण्यात आहे: एरवी 1.8 सेकंद, सत्तरीपुढे 2 सेकंद. कमी थांबलात तर रक्त वाटेतच असतं. धमन्या लख्ख चमकतात, त्यांच्या पलीकडचा भाग काळा पडतो आणि तिथे प्रवाहच नाही असं वाटतं. मेंदूच्या करड्या भागातल्या (ग्रे मॅटर) प्रवाहाचा आकडा 100 ग्रॅममागे मिनिटाला 50-60 मिलीच्या आसपास हवा. 150 आला तर निष्कर्ष काढू नका, आधी गणित तपासा.

तपासणीआधी काही तास चहा नको. कॅफीनने प्रवाह चांगलाच घटतो. सगळ्यांना सारखाच नियम लावा. हिमोग्लोबिनही त्याच दिवशी बघा. आपल्या भागात हे टाळून चालणारच नाही, कारण नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिन कमी असलं की प्रवाह खरोखर वाढतो, शिवाय सूत्रात नेहमीचं रक्त गृहीत धरलेलं असल्याने आकडा आणखी फुगतो.

नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, जेमतेम 4 सेंमी लांब, तर एएसएलच्या चित्राचा सर्वांत लहान ठोकळा (व्होक्सेल) 3-4 मिमीचा. वयाने हिप्पोकॅम्पस आकसला की ठोकळ्यात भोवतालचं पाणी मिसळतं आणि आकसणंच कमी प्रवाह म्हणून नोंदलं जातं. हे मिसळणं गणिताने वजा करावं लागतं; ही दुरुस्ती ओएसिस-3 सारख्या मेंदूच्या चित्रांच्या खुल्या संग्रहावर, एफएसएल या सॉफ्टवेअरमध्ये, आधी हाताखालून घाला. डोकं अर्धा मिमी हललं तरी कनेक्टिव्हिटी बिघडते, त्यामुळे उशी नीट लावा.

स्मृतीची चाचणी मात्र पुण्याच्या मराठीत घेऊ नका. ‘तुमनं नाव काय शे?’ असं अहिराणीत सुरू केलं की आजी मोकळ्या होतात, नाहीतर त्यांचा संकोचच विसरभोळेपणा म्हणून मोजला जातो. लक्षात ठेवायला द्यायच्या शब्दजोड्याही इथल्या घरात तपासून घ्या. ‘वांगं–भरीत’ ही जोडी खानदेशात कुणीही सांगेल, त्यातून नवी आठवण मोजली जात नाही, ‘कापूस–चष्मा’ चालेल. मग 20 ते 30 मिनिटांनी पुन्हा विचारा आणि मधल्या वेळात शब्दांची दुसरी कुठलीही चाचणी घेऊ नका, ते शब्द यादीत घुसतात.