सामाजिक प्रश्नांवरच्या डेटा सायन्समध्ये पोस्टडॉक करायचे आहे? अर्जात या चुका टाळा

गरिबी, सार्वजनिक आरोग्य, स्थलांतर, शिक्षण, अपप्रचार अशा विषयांवर डेटा सायन्सच्या पद्धतींनी काम करण्यासाठी निघणाऱ्या पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी. नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनपदांच्या, जागांचे अर्ज सहसा दोन प्रकारचे लोक वाचतात. एक संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्राचा, दुसरा समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा आरोग्यक्षेत्राचा. बरेचसे अर्ज यातल्या एकालाच पटतात. दुसरा काही न बोलता कमी गुण देतो आणि नाव यादीत खाली सरकते. खालच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

जागेचा प्रकार न ओळखता अर्ज पाठवणे

या जागा मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. पहिल्या प्रकारात निधी आधीच मंजूर झालेल्या प्रकल्पाचा असतो. प्रश्न ठरलेला, डेटा बहुधा हातात, आणि तुमच्याकडून हवे असते एक नेमके कौशल्य: कार्यकारणभावाचे विश्लेषण, मजकुराचे वर्गीकरण, उपग्रहचित्रांवरचे काम. इथे स्वतःचा पाच वर्षांचा संशोधन आराखडा पाठवणारा उमेदवार महत्त्वाकांक्षी वाटण्याऐवजी जाहिरात न वाचलेला वाटतो. दुसऱ्या प्रकारात फेलोशिप असते. तिथे प्रश्न तुमचाच लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी दोन मार्गदर्शक लागतात, एक पद्धतीच्या बाजूचा आणि एक विषयाच्या बाजूचा. या अर्जात ‘तुम्ही सांगाल ते काम करायला तयार आहे’ असे लिहिले की तो तिथेच पडतो.

नावावर जाऊ नका. २०१३ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू झालेल्या ‘डेटा सायन्स फॉर सोशल गुड’ या कार्यक्रमाच्या नावातही फेलोशिप आहे, पण तो विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी कार्यक्रम होता. त्या धर्तीच्या आणि मिळत्याजुळत्या नावांच्या संधी आज पुष्कळ दिसतात. पीएच.डी. झालेली व्यक्ती पात्र आहे का, कालावधी किती आणि पद नोकरीचे आहे की विद्यावेतनाचे, या तीन ओळी आधी शोधा.

पात्रतेचे घड्याळ चुकीचे मोजणे

युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपच्या २०२४ च्या फेरीत पीएच.डी. नंतर जास्तीत जास्त ८ वर्षांचा संशोधनानुभव चालत होता. शिवाय अंतिम तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेले किंवा काम केलेले चालत नव्हते. हा दुसरा नियम चांगल्या चांगल्या उमेदवारांना आडवा येतो, कारण ज्या देशात आधीच काम चालू आहे तिथलाच गट त्यांनी निवडलेला असतो. जर्मनीतल्या हुम्बोल्ट फेलोशिपच्या पोस्टडॉक गटात पीएच.डी. होऊन ४ वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा लागतो. तिथे अर्ज वर्षभर केव्हाही करता येतो, त्यामुळे ‘अंतिम तारीख कधी’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

नियमातली ‘पीएच.डी.ची तारीख’ म्हणजे कोणती तेही बघा: मौखिक परीक्षेची, अधिसूचनेची की दीक्षान्त समारंभाची. या तारखांत कित्येक महिन्यांचे अंतर पडू शकते. बाळंतपण, आजारपण किंवा संशोधनाबाहेरची नोकरी यांमुळे पडलेला खंड बऱ्याच योजना हिशेबातून वगळतात, मात्र त्याचा पुरावा अर्जासोबतच मागतात. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राच्या माहितीवर विसंबू नका. ज्या फेरीला अर्ज करायचा तिचीच मार्गदर्शिका उघडा.

आधी कळस, मग पाया: पद्धतीपासून सुरुवात

‘ग्राफ न्यूरल नेटवर्क वापरून स्थलांतराचा अभ्यास’ या शीर्षकात पद्धतीचे, म्हणजे मशीन लर्निंगच्या एका तंत्राचे, नाव आहे, प्रश्न कुठेच नाही. कोणाचे स्थलांतर, कोणत्या काळातले, आणि उत्तर मिळाल्यावर कोणता निर्णय वेगळा होणार, हे पहिल्या परिच्छेदातच यायला हवे. तपासण्याची युक्ती सोपी आहे. आराखड्यातून पद्धतीचे नाव खोडा आणि पुन्हा वाचा. उरलेला मजकूर उभा राहत नसेल तर तो विषयाच्या बाजूच्या परीक्षकाला आताच पोकळ वाटतो आहे.

याच संदर्भात एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘फ्रॅजाइल फॅमिलीज चॅलेंज’ या संशोधकांमधल्या भाकीतस्पर्धेत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, १६० संघांनी ४,२४२ कुटुंबांच्या सविस्तर माहितीवरून मुलांचे गुण, घरातून बेदखल होणे अशा सहा गोष्टींचे भाकीत केले. हाताशी हजारो चले, म्हणजे प्रत्येक कुटुंबाविषयी नोंदलेल्या वेगवेगळ्या बाबी, होती. तरीही सर्वांत चांगली मॉडेल्स चार चलांच्या साध्या मॉडेलपेक्षा किंचितच सरस ठरली. म्हणून आराखड्यात साधी बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचे सोपे मॉडेल, हवीच, आणि गुंतागुंतीची पद्धत तिच्यापुढे का जावी याचे कारणही. ‘अचूकता ९५ टक्क्यांवर नेऊ’ असले आश्वासन या क्षेत्रात अननुभवाची खूण मानले जाते.

मोजता येते त्यालाच हवे ते समजणे

ही चूक सर्वांत महाग पडते आणि सर्वांत कमी वेळा पकडली जाते. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी आरोग्यसेवेतली एक प्रणाली तपासली. प्रणाली भाकीत करत होती पुढच्या खर्चाचे, आणि तिचा वापर होत होता जास्त देखभालीची गरज कोणाला आहे हे ठरवायला. कृष्णवर्णीय रुग्णांवर सारख्याच आजारासाठी कमी खर्च होत असल्याने ते कागदावर निरोगी दिसत होते. हा दोष काढला असता जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. गणित बरोबर होते, चुकला होता तो निवडलेला स्तंभ.

आराखड्यात ‘मोजमाप’ असा स्वतंत्र परिच्छेद ठेवा आणि त्यात चार गोष्टी लिहा. खरोखर काय जाणून घ्यायचे आहे, डेटात त्याच्या जागी काय आहे, या दोहोंतली फट कोणत्या गटासाठी जास्त रुंद आहे, आणि ती तपासणार कशी. अटकेची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, दवाखान्यातली नोंद म्हणजे आजार नव्हे, उपग्रहातून दिसणारा रात्रीचा उजेड म्हणजे उत्पन्न नव्हे. २०१६ मध्ये नायजेरिया, टांझानिया, युगांडा, मलावी आणि रवांडा या पाच देशांवरच्या कामात उपग्रहचित्रांतून आर्थिक स्थितीतला जास्तीत जास्त ७५ टक्के फरक समजावता आला होता. निकाल उत्तमच, पण तो वस्त्यांच्या पातळीवरचा आहे. त्यावरून एकेका घराला मदत मिळेल की नाही हे ठरवण्याचा प्रस्ताव लिहिला, तर गटाचे निष्कर्ष व्यक्तीला लावण्याची ती जुनी चूक परीक्षक लगेच ओळखतात.

डेटा मिळेलच असे धरून चालणे

बाजारात तुरी अशी गत इथे फार होते. ट्विटरचा संशोधकांसाठीचा मोफत प्रवेश २०२३ मध्ये बंद झाला. मेटाने फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्टचा माग घेण्याचे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. त्या भरवशावर लिहिलेले आराखडे एका फटक्यात निकामी झाले. सरकारी नोंदी, मोबाइल कंपन्यांचा डेटा आणि रुग्णालयांचा डेटा यांसाठी करार लागतो आणि तो कायदा विभागाच्या टेबलावर कित्येक महिने पडून राहतो.

प्रत्येक डेटासेटसाठी एक छोटा तक्ता करा: मालक कोण, आज तो हातात आहे की परवानगी बाकी आहे, नोंद व्यक्तीची की कुटुंबाची की जिल्ह्याची, कोणती वर्षे, कोण सुटले आहे, आणि नाही मिळाला तर पर्याय काय. २४ महिन्यांच्या आराखड्यात पहिले सहा महिने खुल्या डेटावर पूर्ण होईल असा भाग ठेवा. करार लांबला तरी एक लेख हाती असतो.

बारकावेही इथेच कळतात. लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांच्या, म्हणजे डीएचएसच्या, डेटात गोपनीयतेसाठी सर्वेक्षणस्थळे मुद्दाम हलवलेली असतात: शहरी स्थळे २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ पर्यंत, आणि ग्रामीणांतली १ टक्का १० पर्यंत. आणि प्रस्तावात लिहिलेले असते की १०० मीटरच्या चौकोनांवर विश्लेषण करू! ज्याने हा डेटा एकदा हाताळला आहे तो परीक्षक तिथेच वाचन थांबवतो.

चाचणी सोपी करून टाकणे

नोंदी यादृच्छिक वाटून ट्रेनिंग (मॉडेलला शिकवण्याचा भाग) आणि टेस्ट (तपासण्याचा भाग) करायच्या, ही सवय सामाजिक डेटात दगा देते. शेजारची गावे एकमेकांसारखी असतात, एकाच घरातली माणसे तर त्याहून. एक ट्रेनिंगमध्ये आणि दुसरे टेस्टमध्ये गेले की मॉडेलला उत्तर आधीच फुटते आणि अचूकता फुगते. स्थळानुसार वाटणी करायची असेल तर अख्खा जिल्हा बाजूला ठेवा, काळानुसार असेल तर आधीच्या वर्षांवर शिकवून नंतरच्या वर्षांवर तपासा. गहाळ नोंदी भरणे, आकडे एका मोजपट्टीवर आणणे, चले निवडणे ही सगळी कामे वाटणीनंतर आणि फक्त ट्रेनिंगच्या भागावरून ठरवा. एकूण अचूकतेसोबत गटागटाची चूकही देणार असल्याचे लिहा, आणि सर्वेक्षणाचा डेटा असेल तर नमुन्याचे भारांक, म्हणजे प्रत्येक नोंद लोकसंख्येतल्या किती जणांचे प्रतिनिधित्व करते ते आकडे, विसरू नका. संगणकशास्त्रातून आलेल्या उमेदवारांकडून हे शेवटचे सर्रास राहते.

‘नावे काढली आहेत’ म्हणून नैतिकतेचा भाग दोन ओळींत उरकणे

२०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींत स्थळ आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळे ओळखायला पुरले होते. तेव्हा नावे काढणे हा उपाय पुरत नाही. डेटा कुठे ठेवणार, कोण उघडू शकणार, तक्त्यांतल्या ज्या लहान संख्यांवरून व्यक्ती ओळखू येईल त्या कशा झाकणार, किती काळाने नष्ट करणार आणि एथिक्स कमिटीकडे कोणत्या महिन्यात जाणार, हे लिहा. ज्यांच्याविषयी अभ्यास आहे त्यांच्याशी किंवा त्यांच्यात काम करणाऱ्या संस्थेशी बोलणे आराखड्यात कुठेच नसेल, तर ते उंटावरून शेळ्या हाकणे ठरते. त्या संस्थेचे सहकार्यपत्र जोडाच, आणि त्यांच्या वेळेचे मानधन अंदाजपत्रकात धरा.

मार्गदर्शकाला पाठवलेला लांबलचक ईमेल

दीडशे ते दोनशे शब्द पुरतात. त्यांच्या कोणत्या कामाला तुमचा प्रश्न जोडला जातो, तुमचा प्रश्न एका वाक्यात, कोणता डेटा हाताशी आहे, कोणत्या फेरीला अर्ज करायचा आहे. सोबत सीव्ही आणि एक पानाची रूपरेषा. अंतिम तारखेच्या तीन-चार महिने आधी पाठवा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आले तर एकदा आठवण करा, त्यानंतर दुसरीकडे वळा. दोन मार्गदर्शक हवे असतील तर ते एकमेकांशी बोललेले असणे महत्त्वाचे. दोघांची पत्रे वेगवेगळ्या प्रकल्पांबद्दल बोलत असली की जोड केवळ कागदावरची आहे हे उघडे पडते.

शिफारसपत्रांचेही तसेच. तिन्ही पत्रे एकाच विभागाची नकोत. सीव्हीत परिषदेतले लेख असतील तर ते समीक्षित होते हे लिहा, कारण समाजशास्त्रज्ञाला परिषद म्हणजे सादरीकरण वाटते. अनेक लेखक असतील तर तुमचा वाटा एका ओळीत सांगा. कोडची लिंक द्यायची तर आधी ती नव्या संगणकावर चालवून पाहा. रीडमी, म्हणजे वापराच्या सूचनांची फाइल, नसलेली, कोणत्या सॉफ्टवेअर लायब्ररींच्या कोणत्या आवृत्त्या लागतात ते न सांगणारी रेपॉझिटरी (कोडचा साठा) दाखवण्यापेक्षा न दाखवलेली बरी.

अडले कुठे, ते कसे ओळखावे

ईमेलना उत्तरच येत नसेल तर दोष बहुधा प्रश्नात आणि गटाच्या निवडीत असतो. ईमेलची भाषा घासत बसू नका. उत्तरे येतात पण निवड यादीत नाव नसते, तर परीक्षकांचे अभिप्राय मागवा. गुण विभागवार असतील तर आधी मोठा भाग सुधारा: क्युरी फेलोशिपमध्ये उत्कृष्टतेला ५० टक्के, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २० असे वजन होते. दोन परीक्षकांचे अभिप्राय परस्परविरोधी असतील तर ते दुर्दैव समजून सोडू नका. एका विद्याशाखेची भाषा दुसरीला कळलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ असतो. मग त्या शाखेतल्या मित्राकडून आराखडा वाचून घ्या आणि त्याला कुठे अडखळायला झाले तेवढेच विचारा.

मुलाखतीपर्यंत जाऊन अडत असेल तर सादरीकरण पाहा. पहिल्या पाच मिनिटांत एकही समीकरण नको, पण शेवटच्या राखीव स्लाइडांवर सगळी हवीत. ‘तुमचा निष्कर्ष चुकीचा निघाला तर नुकसान कोणाचे?’ अशा प्रश्नाचे उत्तर तयार ठेवा.

आणि होकार आला तर सही करण्याआधी लेखी विचारून घ्या: डेटाचा करार कोणाच्या नावे आहे, पद संपल्यावर तुम्हाला तो उघडता येईल का, संगणनाचा खर्च कोणाच्या खात्यावर, पहिला लेखक कोण हे कसे ठरते, शिकवण्याचे तास किती, दुसऱ्या वर्षाचे नूतनीकरण कोणत्या अटीवर, आणि निकाल भागीदार संस्थेला न आवडणारा आला तर तो छापण्यापूर्वी त्यांची परवानगी लागेल का.