आठच्या ठोक्याला: इंग्लंडमध्ये त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा तर

पुण्यात ताप आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं, कंपाउंडरकडे नाव सांगायचं, बाकावर तासभर बसायचं आणि गोळ्या घेऊन घरी यायचं. इंग्लंडमध्ये त्या बाकावर बसायची सोय नाही. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात (सगळे त्याला 'सर्जरी' म्हणतात, ऑपरेशनशी संबंध नाही) तुम्ही दारात जाऊन उभे राहिलात तरी आधी विचारणा होते: काय होतंय, कधीपासून होतंय? आज डॉक्टर भेटणार, दहा दिवसांनी भेटणार की फार्मसीत जायला सांगणार, हे त्या उत्तरावर ठरतं. इथे नंबर आधी आला म्हणून काम होत नाही, नीट सांगता आलं तर होतं. नवीन आलेली मंडळी अडतात ती इथेच.

पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

अंगात ताप नसताना करायचं काम

लांब मुदतीच्या बहुतेक व्हिसांसोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो: मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालच्यांना ७७६. तेव्हा एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) फुकट मिळते असं वाटून संकोचू नका, पैसे आधीच गेलेत. पण अधिभार भरला म्हणून जीपीकडे नाव आपोआप लागत नाही. ते आपल्यालाच लावावं लागतं, आणि नवरा, बायको, मुलं प्रत्येकाचं वेगळं.

एनएचएसच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की जवळच्या सर्जऱ्या दिसतात. ऑनलाइन अर्ज भरा किंवा जीएमएस-वन नावाचा कागदी फॉर्म द्या. पासपोर्ट, घराचा करार, विजेचं बिल यांपैकी काहीही सक्तीचं नाही. खोली भाड्याने घेतली आहे, बिल दुसऱ्याच्या नावावर आहे, म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. काउंटरवर 'प्रूफ ऑफ ॲड्रेस' मागितलं तर ते एनएचएसच्या नियमात बंधनकारक नाही, एवढंच शांतपणे सांगा. यादी भरली आहे किंवा तुमचं घर त्यांच्या हद्दीबाहेर आहे, ही कारणं मात्र चालतात, आणि तेव्हा नकार लेखी द्यावा लागतो.

नोंदणी झाली की एनएचएस ॲप लावून घ्या. पासपोर्टचा फोटो आणि चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ मागतात. अंगात १०२ ताप असताना हे जमत नाही, म्हणून आधीच करा.

नोंदणीआधीच आजारी पडलात तर? जवळच्या कुठल्याही सर्जरीत जाऊन 'इमिजिएटली नेसेसरी ट्रीटमेंट' हवी आहे, असं याच शब्दांत सांगा. नोंदणी नसलेल्या माणसाला असे अत्यावश्यक उपचार १४ दिवसांपर्यंत द्यायची जबाबदारी जीपीवर असते.

आठ वाजता

सर्जरीची वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३०. त्याच दिवशीच्या जागा बहुतेक ठिकाणी आठला उघडतात आणि पहिल्या अर्ध्या तासात संपतात. ७:५८ ला फोन लावलात तर 'आम्ही बंद आहोत' ही टेप ऐकू येऊन फोन कटतो आणि तुम्ही रांगेत शेवटी जाता. घड्याळात आठ वाजलेले दिसले की लावा. 'यू आर नंबर फोर्टीन इन द क्यू' ऐकून फोन ठेवू नका. कॉलबॅकचा पर्याय दिला तर घ्या, रांगेतली जागा जात नाही. सोमवार आणि बँक हॉलिडेनंतरचा दिवस सगळ्यात वाईट. जे काम चार दिवस थांबू शकतं ते त्या दिवशी नेऊ नका.

दुसरी वाट ऑनलाइन फॉर्मची. १ ऑक्टोबर २०२५ पासून सर्जऱ्यांना हा फॉर्म कामाच्या पूर्ण वेळेत उघडा ठेवावा लागतो. पण तो मुळात तातडी नसलेल्या कामासाठी आहे. श्वास लागतोय किंवा ताप चढतोय, तर फॉर्म भरून वाट बघत बसू नका, फोन करा. काही फॉर्ममध्ये 'छातीत दुखतं' यावर खूण केली की फॉर्म तिथेच थांबतो आणि ९९९ (ॲम्ब्युलन्सचा आणीबाणीचा नंबर) लावा म्हणतो. तो बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. फॉर्म पुढे जावा म्हणून खूण काढून टाकणारे लोक आहेत. तसं करू नका.

'आजचं सगळं भरलं, उद्या आठला परत फोन करा' हे वाक्य अजून कानावर येतं. २०२३ च्या करारापासून जीपीला असं नुसतं परत पाठवता येत नाही. पहिल्याच संपर्कात तुमची गरज तपासायची किंवा योग्य ठिकाणी पाठवायचं, हे त्यांचं काम आहे. भांडू नका. विचारा: 'आय अंडरस्टँड, बट कॅन यू ट्राएज मी टुडे, ऑर टेल मी व्हेअर आय शुड गो?' (ट्राएज म्हणजे दुखणं किती तातडीचं आहे ते तपासणं.) या प्रश्नाला नुसतं 'नाही' म्हणता येत नाही. बहुतेक ठिकाणी 'ड्यूटी डॉक्टर'ची वेगळी यादी असते आणि तुमचं नाव त्यात जातं.

काय बोलायचं

रिसेप्शनिस्टने 'काय होतंय' विचारलं की आपल्याकडच्या माणसाला तो चोंबडेपणा वाटतो. 'डॉक्टरलाच सांगेन' असं उत्तर दिलं जातं आणि मग पुढच्या गुरुवारची वेळ मिळते. त्यांना योग्य माणसाकडे पाठवण्याचं प्रशिक्षण असतं आणि त्या गोपनीयतेने बांधलेल्या असतात. खासगी बाब असेल तर 'इट्स पर्सनल, बट इट्स अर्जंट' म्हटलं तरी चालतं.

'नॉट फीलिंग वेल सिन्स फोर डेज' याचा काही उपयोग नाही. फोन लावण्याआधी कागदावर हे लिहून घ्या: त्रास काय, कधी सुरू झाला, वाढतोय की तसाच आहे, आणि त्यामुळे काय करता येत नाही. मग जुने आजार, चालू गोळ्या, गरोदरपण, ॲलर्जी. शेवटी आतापर्यंत काय घेतलं. उदाहरणार्थ: तीन दिवस ३९ अंश ताप, कालपासून खोकताना उजव्या बरगडीत कळ येते, एक जिना चढला की दम लागतो, दमा आहे, पॅरासिटामॉल सहा-सहा तासांनी घेतोय. एवढं बोलायला वीस सेकंद लागतात आणि समोरच्याला ठरवायला पुरेसं असतं.

अंश म्हणजे सेल्सियस. 'हंड्रेड अँड वन' म्हटलं तर पलीकडे शांतता पसरते. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८, आणि तापाची रेघ तिथे आहे. सेल्सियसचा डिजिटल थर्मामीटर घरात हवाच.

आपली दवाखान्यातली इंग्रजी इथे दगा देते. 'वीकनेस' हा सगळ्यात धोक्याचा शब्द. आपल्याला म्हणायचं असतं गळून गेल्यासारखं वाटतं, त्यांना ऐकू येतं हातापायातली शक्ती गेली, म्हणजे पक्षाघाताची शंका. थकवा असेल तर 'टायर्ड' किंवा 'एग्झॉस्टेड' म्हणा. 'लूज मोशन' न म्हणता 'डायरिया' म्हणा आणि दिवसात किती वेळा ते सांगा. 'आय वॉज सिक' म्हणजे इथे उलटी झाली. 'शुगर आहे', 'बीपी आहे' याऐवजी डायबिटीस, हाय ब्लड प्रेशर. 'ॲसिडिटी'ला हार्टबर्न, 'गिडीनेस'ला डिझी. इंग्रजी अडत असेल, विशेषतः आई-बाबांसाठी, तर मराठी दुभाषा मागा. तो फुकट मिळतो. शाळकरी मुलाला मधे घालू नका.

यानंतर बहुधा 'डॉक्टर परत फोन करतील' असं सांगतात, वेळ न देता. हा फोन अनेकदा 'नो कॉलर आयडी' म्हणून येतो. आपण असे फोन उचलत नाही आणि गाडं तिथेच अडतं: साधारण दोनदा लावतात आणि विनंती बंद करतात. त्या दिवशी अनोळखी फोन आपोआप बंद करणारी सोय काढून ठेवा, आवाज चालू ठेवा, आणि मीटिंग असेल तर ती वेळ आधीच सांगा. अंगावर पुरळ असेल तर फोटो तयार ठेवा, मेसेजमधून लिंक येते. समोर नर्स, फार्मासिस्ट किंवा पॅरामेडिक असू शकतो. तुमच्या दुखण्यासाठी तो पुरेसा असतो आणि त्याच्याकडे वेळ लवकर मिळते. संध्याकाळच्या आणि शनिवारच्या वेळाही असतात, पण बहुधा शेजारच्या दुसऱ्या सर्जरीत. त्यासाठी 'एन्हान्स्ड ॲक्सेस' शब्द वापरून विचारा, आपणहून सांगतीलच असं नाही.

डॉक्टरशिवाय मिटणारी दुखणी

जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून फार्मसीतच सात तक्रारींवर तपासून औषध मिळतं, गरज पडल्यास अँटिबायोटिकसुद्धा. सायनस (१२ वर्षांवरचे), घसा (५ वर्षांवरचे), कानदुखी (१ ते १७), चिघळलेला कीटकदंश, पिवळट खपल्यांचा इम्पेटिगो (दोन्ही १ वर्षावरच्यांना), नागीण (१८ वर्षांवरचे), आणि १६ ते ६४ वर्षांच्या बायकांची लघवीची जळजळ. पुरुष किंवा गरोदर बाई असेल तर लघवीच्या तक्रारीला हे चालत नाही, जीपीच लागतो. अपॉइंटमेंट लागत नाही. काउंटरवर 'फार्मसी फर्स्ट' म्हणा, आतल्या छोट्या खोलीत नेतात. औषधाला नेहमीचाच दर, २०२४ पासून नगाला ९.९० पौंड. महिन्याला दोन औषधं चालू असतील तर ११४.५० पौंडांचं वर्षाचं प्रमाणपत्र घ्या, वर्षाकाठी शंभरहून जास्त पौंड वाचतात. साठीपुढच्यांना, मुलांना, गरोदर बायकांना आणि गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींना पैसे पडत नाहीत, मात्र गरोदरपण आणि मधुमेहासाठी आधी फॉर्म भरून सूट-प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

व्हायरल तापाला इथे इंजेक्शन नाही, सलाइन नाही आणि 'सेफ्टीसाठी' अँटिबायोटिकही नाही. पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या, दोन डोसांत किमान चार तास, २४ तासांत आठ गोळ्यांच्या वर नाही. हा हिशेब ५० किलोच्या वरच्या मोठ्या माणसाचा. बॅगेतून आणलेली डोलो किंवा क्रोसिन म्हणजेही पॅरासिटामॉल, आणि सर्दीच्या गरम पेयाच्या लेमसिपमध्येही तेच. तिन्ही एकदम घेणं ही इथली नेहमीची चूक.

सर्जरी बंद असेल तर

१११ हा एनएचएसचा सल्ल्याचा नंबर चोवीस तास चालू असतो. आधी पोस्टकोड आणि मग रक्तस्राव, शुद्ध, श्वास असे प्रश्न येतात. तुमच्या दुखण्याशी संबंध नसला तरी उत्तरं द्या. ते रात्रीच्या जीपीकडे, अर्जंट ट्रीटमेंट सेंटरला किंवा ए अँड ई (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) मध्ये वेळ लावून देतात. पाच वर्षांखालच्या मुलासाठी वेबसाइट नको, फोनच. दात दुखत असेल तर जीपी पाहत नाही, १११ च लावा. मन फार खचलं असेल तर १११ लावून दोन दाबा.

मुरगळा, लहान फ्रॅक्चर, टाके, भाजणं यांसाठी अर्जंट ट्रीटमेंट सेंटर. ते आठवड्याचे सातही दिवस, रोज किमान १२ तास उघडं असतं. ए अँड ई मध्ये आधी आलेला आधी जात नाही, जास्त आजारी माणूस आधी जातो. चार तासांचं उद्दिष्ट असतं, पण सहा-आठ तासांची तयारी ठेवा: चार्जर, चालू गोळ्यांची यादी, खाण्याचा डबा.

छातीत दाब, बोलता न येण्याइतका दम, तोंड वाकडं होणं, न थांबणारा रक्तस्राव, फिट, अचानक गोंधळलेपण: थेट ९९९. आपल्या रंगावर निळेपणा गालावर दिसत नाही, ओठांच्या आतली बाजू, जीभ आणि हिरड्या पाहा. तापात पुरळ उठली तर काचेचा ग्लास त्यावर दाबा. तरीही पुरळ फिकट होत नसेल तर ९९९. सावळ्या कातडीवर ती तळहात, तळपाय, पापण्यांच्या आत आणि तोंडातल्या टाळूवर शोधा. पुरळ नसली म्हणून निर्धास्त राहू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ किंवा जास्त, तीन ते सहा महिन्यांच्याला ३९ किंवा जास्त ताप असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच १११.

घरून आल्यावर, घरचे आल्यावर

गणपतीला घरी जाऊन आलात आणि ताप आला, तर पहिल्याच वाक्यात 'रिटर्न्ड फ्रॉम इंडिया' आणि तारीख सांगा. नाहीतर फ्लू म्हणून घरी पाठवतात आणि मलेरिया राहून जातो. मलेरिया प्रवासानंतर कित्येक महिन्यांनीही उठू शकतो. त्याची रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी लागते, म्हणून १११ किंवा ए अँड ई. डेंग्यू आणि टायफॉइडचंही नाव घ्या.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना जीपीची भेट फुकट असते, आणि २४ तासांहून जास्त पण तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर तात्पुरती नोंदणी होते. ए अँड ई सुद्धा फुकट, पण वॉर्डात भरती केलं की बिल सुरू, आणि परदेशी पाहुण्याला ते एनएचएसच्या दराच्या दीडपट पडतं. जुना मधुमेह किंवा हृदयविकार आधीच सांगून काढलेला प्रवासी विमा म्हणूनच हवा. आजार लपवून काढलेल्या स्वस्त विम्याचा दावा नेमका याच वेळी नाकारला जातो. भारतातल्या गोळ्यांची ब्रँडची नावं इथे कोणी ओळखत नाही, चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव आणि मिग्रॅ लिहून आणायला सांगा.

आणि ऑफिसला चिठ्ठी हवी म्हणून आठच्या रांगेत शिरू नका. शनिवार-रविवार धरून पहिले सात दिवस तुम्ही स्वतःच आजारी असल्याचं लिहून देता. आठव्या दिवसापासून 'फिट नोट' लागते. ती नर्स, फार्मासिस्ट किंवा फिजिओथेरपिस्टही देऊ शकतात, आणि ऑनलाइन फॉर्मवर मागितली तर बरेचदा फोनवरच काम होतं.