जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त

गोव्यात फेब्रुवारी ते मे या बहुतांशी पावसाविना जाणाऱ्या उष्ण महिन्यांत वईवरच्या (कुंपणावरच्या) जास्वंदीचे शेंडे आखडतात, पाने चुरगळतात आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, की तो पिठ्या ढेकूण समजावा. औषध शोधण्यापूर्वी मात्र खोडावरून मुंग्यांची रांग चढते आहे का, हे पाहावे. ही कीड रस शोषून गोड, चिकट द्राव सोडते. त्या द्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या भुंगेऱ्यांना हाकलून लावतात. ही रांग चालू असताना केलेली फवारणी फार काळ टिकत नाही.

म्हणून खोडाला कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा थर द्यावा; ग्रीस थेट सालीला लावू नये. भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, अन्यथा मुंग्या तिकडून उतरतात. आखडलेले शेंडे कापून पिशवीत बंद करावेत. ते वईपलीकडे भिरकावणे म्हणजे शेजाऱ्याला कीड पाठवणेच होय.

त्यानंतर थोड्या कोमट पाण्यात एक-दोन मिली सौम्य द्रव साबण मिसळून त्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल घोटावे आणि एकूण एक लिटर होईल इतके पाणी घालावे. साबणाशिवाय तेल पाण्यावर नुसते तरंगते. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस पाहावे, मग सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूने आणि बेचक्यांत फवारावे. मेणचट आवरणातली अंडी यातून बचावतात, त्यामुळे सात-आठ दिवसांच्या अंतराने आणखी दोन फवारण्या कराव्या लागतात. पूजेसाठी लागणारी फुले फवारणीपूर्वीच तोडून घ्यावीत.

एक खबरदारी मात्र आवर्जून घ्यावी. पुंजक्यांमध्ये पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्यांची, पिठ्यापेक्षा मोठी आणि चपळ अळी दिसली, तर ती बहुधा क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची असते. ती पिठ्या ढेकूणच खाते; तिला कीड समजून चिरडू नये आणि त्या फांदीवर फवारणीही करू नये.

मोगऱ्याचे दुखणे वेगळे असते. तेथे अळी कळीत शिरून ती आतून पोखरते आणि शेजारच्या कळ्याही जाळीने बांधते, म्हणून छिद्र पडलेल्या कळ्या रोज वेचून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. जूननंतर जोराच्या सरींनी पिठ्या बराच धुऊन जातो; त्या काळात फवारणीही वाहून जाते, तेव्हा केवळ छाटणी करावी आणि युरियाचा हात आखडता ठेवावा, कारण जादा नत्राने फुटलेल्या लुसलुशीत कोंबांवरच ही कीड आधी बसते.