बाबाकोचा खड्डा: 17 नंबर फॉर्म भरून भूमितीला बसणाऱ्यांसाठी

नववी अर्धवट सोडून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशनच्या कामाला लागलो. आठ वर्षांनी 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, भरला, दहावीला बसलो आणि भूमितीत 40 पैकी 9 मिळाले. गणित राहिलं. मार्कशीट हातात घेऊन रंकाळ्याच्या कट्ट्यावर किती वेळ बसलो होतो, ते अजून आठवतं. बरेचसे गुण एकाच चुकीपायी गेले होते, हे मात्र खूप नंतर कळलं.

आधी एक स्पष्ट सांगतो. एकरूपता, म्हणजे दोन त्रिकोण एकमेकांवर तंतोतंत बसणं, आणि ती ओळखायच्या कसोट्या नववीत शिकवतात. दहावीत ती येते असं धरूनच पुढं जातात. वर्तुळात दोन त्रिज्या काढून टोकं जोडली की समद्विभुज त्रिकोण झाला. बाहेरच्या बिंदूतून काढलेले दोन स्पर्शिकाखंड सारखे असतात, ते प्रमेय कर्णभुजा कसोटीवर (दोन काटकोन त्रिकोणांचे कर्ण आणि एकेक बाजू सारखी असली की ते एकरूप) उभं आहे. नववीचा पाया कच्चा ठेवून थेट दहावीचं पुस्तक उघडाल, तर माझ्यासारखं वर्ष घालवाल. शेजारच्या पोराचं जुनं पुस्तक मागून आणा, पण नववीचं भाग 2 आधी करा.

आता माझी चूक. ज्या क्लासला जात होतो तिथं वेळ कमी म्हणून एक सोपी युक्ती दिली होती: आकृतीत तीन गोष्टी सारख्या सापडल्या की त्रिकोण एकरूप लिहून मोकळं व्हायचं. मी दोन बाजू आणि एक कोन बघायचो आणि लिहून टाकायचो. कोन कुठला, हे कधी बघितलंच नाही. खरी कसोटी बाकोबा, म्हणजे बाजू-कोन-बाजू. त्यात ‘को’ मध्ये आहे, कारण तो कोन त्याच दोन बाजूंच्या मधला असावा लागतो. मी लिहीत होतो ते बाबाको, बाजू-बाजू-कोन. तशी कसोटीच नाही.

विश्वास बसत नसेल तर वही घ्या. अबक हा समद्विभुज त्रिकोण काढा. अब आणि अक 13 सेंमी, पाया बक 10 सेंमी. आता बक ही रेषा क च्या पुढं 4 सेंमी वाढवा, तिथं ड मांडा आणि अड जोडा. पट्टी लावून बघा, अड बरोबर 15 सेंमी भरेल.

आता त्रिकोण अबड आणि अकड बघा. अब = अक, दोन्ही 13. अड सामाईक, 15. ड जवळचा कोन तर दोघांचा एकच. म्हणजे दोन बाजू सारख्या, एक कोन सारखा. पण बड आहे 14 आणि कड आहे 4! एक त्रिकोण दुसऱ्याच्या पोटात बसलाय, ते एकरूप कसे असतील?

हे का होतं, ते मला वर्कशॉपमध्ये समजलं. आमच्या मिस्त्रींनी 13 इंची सळीचं एक टोक वेल्डिंगचा टाका न मारता नुसतं खिळ्यात अडकवलं आणि सळी फिरवली. दुसरं टोक खालच्या लोखंडी अँगलपट्टीला दोन ठिकाणी टेकलं. खिळा म्हणजे अ, पट्टीचं टोक म्हणजे ड, आणि टेकली ती ठिकाणं एक ब, एक क. सळी तीच, खिळा तोच, तरी दोन वेगळे त्रिकोण. मग खिळ्याजवळच टाका मारून सळी पक्की केली, म्हणजे दोन बाजूंमधला कोन बांधला. आता टोक एकाच जागी. हीच बाकोबा.

ज्याच्याकडं शिकाल तो दर ओळीला ‘कशावरनं?’ विचारणारा असावा, हे माझं ठाम मत आहे. मिस्त्री स्वतः सातवी शिकलेले, पण मी काही बोललो की त्यांचा पहिला शब्द तोच, “कशावरनं रं?” सिद्धतेत उजवीकडं कंसात कारण लिहितात, तिथं याचंच उत्तर असतं. पक्ष (म्हणजे गणितात दिलेलं), सामाईक बाजू, विरुद्ध कोन. कारण सुचत नसेल तर ती ओळ खोडा. अपेक्षित प्रश्नांच्या पुस्तिका पाठ करून हे येत नाही.

मग कर्णभुजा कसोटी कशी चालते, तिथंही कोन मधला नसतोच की? हा प्रश्न पडला तर घाबरू नका, उलट तुम्ही बरोबर वाटेवर आहात. अ मधून बक वर लंब टाका, पाय म. कोन काटकोन असला की सळीची दोन टोकं म च्या दोन्हीकडं सारख्याच अंतरावर पडतात, इथं 5 आणि 5. अमब आणि अमक एकमेकांवर घडी घालून बसतात, म्हणून काटकोनाला तेवढी सूट आहे. आणि घडी बसली म्हणजे कोन ब = कोन क, तेच समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय.

समद्विभुज त्रिकोणाचे कोन काढण्याची गणितं त्या मानानं सोपी आहेत. एवढं सांभाळा की सारखे कोन सारख्या बाजूंच्या समोरचे असतात, आकृतीत खाली दिसतात ते नव्हे. ‘एक कोन 70°’ एवढंच दिलं असेल तर उत्तरं दोन: 70, 70, 40 किंवा 70, 55, 55. कोन 100° दिला तर मात्र एकच, 100, 40, 40.

शेवटी एक गणित देतो, त्यात सगळं येतं. अब = अक, अक वर ड असा की अड = बड = बक. कोन अ किती? कोन अ ला क्ष माना. अड = बड, म्हणून कोन अबड पण क्ष. बडक हा बाह्यकोन, म्हणून 2क्ष. बड = बक, म्हणून कोन क पण 2क्ष. अब = अक, म्हणून अख्खा कोन ब सुद्धा 2क्ष. बेरीज 5क्ष = 180, क्ष = 36. पुन्हा बसलो त्या वर्षी असं गणित सोडवल्यावर प्रत्येक वेळी समासात 36 + 72 + 72 मांडून 180 येतात का बघायचो, मगच पान उलटायचो.