बिस्मथ-अँटिमनीचा इन्फ्रारेड अभ्यास : या चुका टाळा

बिस्मथमध्ये अँटिमनी मिसळत गेलं, की साधारण 4 टक्क्यांवर एल बिंदूपाशी (इलेक्ट्रॉनच्या संवेगाच्या नकाशातली एक ठरावीक जागा) ऊर्जापट्ट्यांमधली फट मिटते आणि पट्ट्यांचा क्रम उलटून पुन्हा उघडते. 7 टक्क्यांच्या आसपास हा सेमीमेटल (ज्यात पट्ट्या किंचित एकमेकींवर चढलेल्या असतात असा पदार्थ) अर्धवाहक होतो, 22 टक्क्यांच्या पुढे परत सेमीमेटल. हे सगळं काही दशक मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत घडतं. म्हणून छोट्या चुकाही इथे अशा संक्रमणासारख्या, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्यासारख्या, दिसतात.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती चूक मोजमापाच्या आधीच होते : वजन करून भट्टीत घातलेलं प्रमाण हेच स्फटिकाचं प्रमाण समजणं. जो भाग आधी गोठतो त्यात अँटिमनी जास्त जातं. एकाच कांडीचं एक टोक अर्धवाहक आणि दुसरं सेमीमेटल निघू शकतं. प्रकाशाचा ठिपका जिथे पडणार, तिथलंच प्रमाण ईपीएमएने (इलेक्ट्रॉन झोताने घटक अचूक मोजणारं यंत्र) तपासा. ईडीएक्समधली (क्ष-किरणांवरून घटक मोजण्याची ढोबळ पद्धत) एका टक्क्याची चूकही 4 आणि 7 मधला फरक पुसट करते.

स्पेक्ट्रोमीटरमध्ये केबीआरचा (पोटॅशियम ब्रोमाइड) बीमस्प्लिटर, म्हणजे प्रकाशझोत दुभागणारी काच, ठेवू नका. तो प्रति सेंटीमीटर 400 तरंगसंख्येच्या, म्हणजे सुमारे 50 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली निकामी ठरतो. आपल्याला हवं ते त्याखालीच आहे. मायलर किंवा सिलिकॉनचा स्प्लिटर, पॉलिथिनची खिडकी आणि हीलियमने थंड केलेला बोलोमीटर (उष्णतेवरून प्रकाश मोजणारा शोधक) लागतो. बेंच निर्वात ठेवा, नाहीतर पाण्याच्या वाफेच्या रेषा आलेखभर दिसतील.

आता प्लाझ्मा एज. परावर्तन एकदम कोसळलं की पुष्कळजण तिथेच ‘फट सापडली’ म्हणतात. ती बहुतेक वेळा मुक्त वाहकांची (मोकळ्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉन-होलची) कडा, म्हणजेच प्लाझ्मा एज, असते. बिस्मथचा पार्श्वभूमी डायइलेक्ट्रिक स्थिरांक 100 च्या घरात असल्याने ही कडा खऱ्या प्लाझ्मा वारंवारतेच्या सुमारे एक दशांशावर येते. हे विसरून वाहकांची संख्या काढली, तर उत्तर शंभर पटीने कमी येतं. शिवाय तापमान उतरवताना वाहक घटतात आणि कडा सावकाश खाली सरकते. ते संक्रमण नव्हे. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जाच 26 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, त्यामुळे वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने नेहमी एकाच नीचांकी तापमानाला ताडून पाहा.

शोषणाची सुरुवातही थेट फट दाखवत नाही. वरच्या पट्ट्याचा तळ वाहकांनी आधीच भरलेला असेल, तर बर्स्टाइन सरकणीमुळे ती वर ढकलली जाते.

नमुना पॉलिश करू नका, ताजा चिरलेला पृष्ठभाग वापरा. आणि क्रेमर्स-क्रोनिग (परावर्तनावरून प्रकाशीय स्थिरांक काढण्याचं गणित) करताना कमी वारंवारतेकडच्या न मोजलेल्या भागाचा विस्तार दोन वेगळ्या पद्धतींनी करून बघा. एखादं शिखर त्याने हललं, तर ते अजून छापण्याजोगं नाही.