हृदयावर टी-३ तपासताना

थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयस्नायूला सावरायला मदत करतं का, हे मी उंदराच्या वेगळ्या काढलेल्या हृदयावर बघते. त्यासाठी लँगेनडॉर्फची १८९५ची पद्धत, म्हणजे महाधमनीतून द्रावण सोडून वेगळं काढलेलं हृदय धडधडतं ठेवणं, अजूनही तितकीच भरवशाची आहे.

हृदय काढताच थंड द्रावणात बुडवा आणि महाधमनीत नळी बसवा. इथे रेंगाळू नका. उशीर झाला तर इजा आधीच झालेली असते. क्रेब्स द्रावण (रक्ताऐवजी वापरायचं क्षार-ग्लुकोजचं पाणी) ३७ अंशांवर ठेवा, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडा. बुडबुडा आत गेला की ते हृदय बाद.

डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) छोटा फुगा घालून दाब स्थिर होऊ द्या. मग रक्तपुरवठा तुटल्यासारखी स्थिती आणायला ३० मिनिटं द्रावणाचा प्रवाह बंद. टी-३ सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा आणि प्रवाह सुरू करतानाच द्या. तुलनेच्या हृदयांना तेच विद्रावक, टी-३शिवाय. ठोके पेसिंगनं (विजेच्या हलक्या स्पंदांनी) सारखे ठेवा, नाहीतर वाढलेल्या गतीलाच तुम्ही सुधारणा समजाल.

हे वाचून कुणी रुग्णानं मनानं थायरॉइडची गोळी घेऊ नये, कळकळीनं सांगते. ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात.

शेवटी टीटीसी या रसायनाचा रंग द्या: जिवंत स्नायू लाल, मेलेला फिकट.